नऊ माणसं आणि एक अडकलेला सूर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, सकाळचे साडेसहा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "बाबा, आज नऊ जण होते. त्यातले दोघे वेटर. मी बेस गिटार विकून टाकतेय." आणि खाली तुमच्या बँडच्या कॅफेतल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. लगेच फोन करणार होतो, पण फोनवर बोलायचं म्हटलं की आई मधनंच हातातनं घेते, मग जेवलीस का, पाऊस आहे का, रेनकोट नेलास का, आणि मूळ विषय राहतो बाजूला. शिवाय मला बोलताना नीट सुचत नाही. कारखान्यात पस्तीस वर्षं हिशेब लिहिले, हातात पेन आलं की डोकं जरा रांगेत चालतं. म्हणून पत्र. याचा फोटो काढून पाठवणार नाही, पोस्टानंच येईल. चार दिवस तरी लागतील, आणि पत्र येतंय म्हटल्यावर ते वाचल्याशिवाय तू काही विकणार नाहीस, एवढा हिशेब मी केलाय.

इकडं झड लागली आहे. पंचगंगा काल राजाराम बंधाऱ्यापाशी ३१ फुटांवर होती. इशारा पातळी ३९, धोक्याची ४३, त्यामुळं गल्लीत अजून कुणी गंभीर झालेलं नाही, नुसते आकडे सांगत हिंडतात. पेटीला मात्र ओल धरली. खोक्यात दिवा लावून ठेवलाय, तरी मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या जड झाल्यात.

तुमचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. एकदा रात्रीच, आई डोळे वटारेपर्यंत. दोनदा सकाळी माडीवर, तू दिलेला हेडफोन लावून, पेटी पुढ्यात घेऊन. तुमच्या मागं जे यंत्र मधेच घरघरतं, कॉफी दळायचं असणार, त्याचा सूर पेटीवर लावून बघितला. काळी चार या पट्टीच्या किंचित खाली येतो. आणि तुमचं दुसरं गाणं पांढरी पाचमधलं. म्हणजे यंत्र सुरू झालं की तुमच्या सा च्या डोक्यावर कुणीतरी हट्टानं कोमल रिषभ धरून बसलेलं! तरी ती गाणारी पोरगी ढळली नाही. तिला माझी शाबासकी सांग.

आता तुला आवडणार नाही ते. नऊ माणसं होती म्हणून तुमचा कार्यक्रम पडला असं मला वाटत नाही. दुसऱ्या गाण्यात लय पळाली. घड्याळ लावून मोजलं. सुरू झालं तेव्हा मिनिटाला ९२, संपलं तेव्हा १०४ च्या घरात. ड्रमवाला घाबरलाय, हे मला इथं माडीवर कळतं, तुला तिथं दोन हातांवर कळलं नाही? तू त्याला धरून ठेवायचं सोडून त्याच्या मागं पळत होतीस. बेसवाल्यानं पळायचं नसतं गं. पखवाजाची धुम, म्हणजे खर्जाची बाजू, सुटली तर टाळकऱ्यांनी कुणाकडं बघायचं?

पण तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तू ते चार स्वर खाली उतरलीस आणि शेवटच्याच्या आधी थांबलीस. किती थांबलीस ते मोजलं नाही, मोजावंसं वाटलं नाही. तेवढ्यात कुणीतरी "अह्" म्हणालं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर आहे, हेडफोन लावून ऐक. टाळ्या नव्हेत, त्या नंतर आल्या आणि त्यात काही दम नाही. हा "अह्" आपोआप निघालेला आहे. तो माणूस नवातलाच, का बाहेर रस्त्यावर उभा होता?

गर्दीच्या हिशेबावरनं आपली "अजब" वही काढली. कारखान्याची जुनी खतावणी, जिच्यात तू भाताची शितं लावून कात्रणं चिकटवायचीस, आणि मग मुंग्या लागायच्या, तीच. आता मी गोंद वापरतो. वाद्यांच्या नि मैफलींच्या विचित्र बातम्या त्यात साठत गेल्या, आणि काल रात्री झोप येईना तेव्हा सगळी वही परत वाचली.

बार्सिलोनाच्या ऑपेरा थिएटरची बातमी आठवते का? २२ जून २०२०. टाळेबंदी नुकतीच उठली होती, माणसं आणता येत नव्हती, म्हणून त्यांनी २,२९२ खुर्च्यांवर २,२९२ कुंड्या ठेवल्या आणि चार तारवाद्यांचा ताफा बसवून झाडांसमोर पुच्चिनीची रचना वाजवली. हाउसफुल्ल. कुणाचा मोबाइल वाजला नाही, मध्यंतराआधी कुणी वड्याच्या रांगेला उठलं नाही. नंतर ती झाडं दवाखान्यातल्या माणसांना वाटून टाकली. तेव्हा आपण दोघं लई हसलो होतो. काल परत वाचताना तेवढं हसू आलं नाही. त्या चौघांनी वाजवून झाल्यावर उठून झाडांना वाकून नमस्कार केला. सवयीनं केला असेल, पण केला.

दुसरं कात्रण त्या नामवंत व्हायोलिनवाल्याचं, जोशुआ बेल. १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनचं मेट्रो स्टेशन, सकाळी आठच्या आसपास. डोक्याला टोपी, हातात १७१३ सालचं मोलाचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. ४३ मिनिटं वाजवलं. समोरनं १,०९७ माणसं गेली, थांबली सात. व्हायोलिनच्या पेटीत पडले बत्तीस डॉलर आणि वर थोडी चिल्लर. तिकडच्या पेपरवाल्यांनीच घडवून आणलेला प्रयोग होता तो. ही बातमी ज्याला सांगावी तो मान हलवतो आणि म्हणतो, लोकांना कदर नाही. मला ते पटत नाही. आपल्या स्टँडवर सकाळी आठला गारगोटीची गाडी लागलेली असताना खुद्द तानसेन येऊन बसला, तरी माणसं आधी खिडकीतनं रुमाल टाकून जागाच धरणार, आणि बरोबर आहे त्यांचं. मस्टर चुकलं तर पगार तानसेन देणार नाही. ऐकायला बैठक लागते. तुमच्या कॅफेत आलेली माणसं कॉफीला आली होती. त्यांनी तुमच्याकडं तोंड करून बसावं असं काही ते लिहून देऊन आले नव्हते.

(त्या व्हायोलिनची आणखी एक गंमत आहे. १९३६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा मालक हुबरमान दुसरंच व्हायोलिन घेऊन स्टेजवर वाजवत होता, आणि हे मागं खोलीतनं चोरीला गेलं. ज्याच्याकडं गेलं तो हॉटेलांत वाजवणारा वादक ते जवळजवळ पन्नास वर्षं वाजवत राहिला. १९८५ मध्ये, मरायच्या आधी, बायकोला सांगितलं. म्हणजे अर्धं शतक लोक स्ट्रॅडिव्हेरियस ऐकत जेवत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.)

आणि व्हिएन्नाचा तो भाजीपाल्याचा ऑर्केस्ट्रा! १९९८ पासून चाललाय. गाजराची बासरी, भोपळ्याचा ढोल, आणि कार्यक्रम झाला की उरलेल्या भाज्यांचं सूप करून श्रोत्यांना वाढतात. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यात काय? आपला तंबोरा भोपळ्याचाच की." आता यावर काय बोलणार? मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून तंबोरे करतात. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकनसुद्धा मिळालं. फक्त आपल्याकडं कार्यक्रमानंतर भोपळ्याची भाजी करत नाहीत, एवढाच फरक.

मी आता तुला थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज गेल्यावर त्यांनी काय केलं ते सांगणार, असं तुला वाटत असेल. नाही सांगत. ते तुला तिसरीपासनं पाठ आहे. माझंच सांगतो.

१९९१ चा श्रावण. राधानगरीकडच्या एका वाडीत सप्ता होता, शेवटच्या रात्री आमच्या मंडळाचा जागर. टेम्पोच्या हौद्यात टाळ, पखवाज, पेटी, वर ताडपत्री, आणि त्या ताडपत्रीखाली आम्ही अकरा जण. तेव्हा माझ्याकडं गुजरातेतल्या पालिताना सुरांची पेटी होती, तू बघितलेली नाहीस. बुवांची पट्टी ठरलेली, काळी एक. रूपाचा अभंग झाला, दुसरा सुरू केला, आणि आत कुठंतरी टक्‌ असं वाजलं. स्प्रिंग तुटली. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते, सोडली की स्प्रिंग ती मिटवते. स्प्रिंगच गेली म्हणजे झडप उघडीच. भाता हलला की काळी दोन बोलायला लागली. भाता थांबवला तर पेटी बंद, चालवला तर काळी दोन. बुवा काळी एकला गातायत आणि माझी पेटी त्यांच्या सा वर अखंड रिषभ धरून बोंबलतेय.

घाम फुटला. भर जागरात पेटी उघडून बसता येत नाही. बुवांनी माझ्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. त्यांचा डावा हात मांडीवर होता, त्याची दोन बोटं फक्त वर झाली. मला एक सेकंद कळलंच नाही. मग कळलं. कडवं संपलं आणि बुवांनी पुढचं धृपद सरळ काळी दोनवर उचललं. अडकलेला सूर तोच सा. पखवाजवाल्यानं हातोडी काढली आणि गजर चालू असतानाच गट्टे ठोकून पान नव्या सुराला चढवायला लागला. बुवांचं वय तेव्हा साठीच्या पुढं. अभंग वर चढला की आवाज फाटायचा, मग मागनं टाळकरी उचलून धरायचे. असं पहाटे चारपर्यंत. माझं काम एवढंच, भाता थांबू द्यायचा नाही.

सकाळी चहाला एक म्हातारबाबा जवळ आले. म्हणाले, "पेटी लई घुमत हुती आज. फुडल्या साली आसाच येक सूर धरा." बुवा चहा पीत होते, ते ठसकले. मी हो म्हणालो. काय करणार?

हे तुला आधी विनोद म्हणून सांगितलं असेल. पण वहीत जर्मनीतल्या हाल्बरस्टाटचं कात्रण चिकटवताना मला तीच रात्र आठवली होती. तिथल्या जुन्या चर्चमध्ये जॉन केज या संगीतकाराची एक रचना ऑर्गनवर वाजते आहे, "शक्य तितकं संथ" हीच अट असलेली. ५ सप्टेंबर २००१ ला सुरू झाली, संपणार २६४० साली. एकूण ६३९ वर्षं, कारण त्या गावात १३६१ मध्ये पहिला मोठा ऑर्गन बसला आणि २००० पर्यंत तेवढी वर्षं भरत होती. पट्ट्या दाबून ठेवायला माणूस बसवलेला नाही, वाळूच्या पिशव्या टांगल्या आहेत. रचना विरामानं सुरू होते, म्हणून पहिले सतरा महिने नुसता भाता चालू होता, सूर एकही नाही. सूर बदलायचा दिवस आला की लांबलांबनं माणसं जमतात. ५ फेब्रुवारी २०२४ ला असाच बदलला. आईनं विचारलं, "सतरा म्हैने नुसता भाता? आन् बिदागी कुणाला?"

मला त्यातलं तत्त्वज्ञान कळत नाही, आणि वाळूच्या पिशवीला वादक म्हणायला मन धजत नाही. पिशवीला घाम येत नाही. पण एका सुराकडं बघायला माणसं प्रवास करून येतात, हे आवडलं.

पेटीवाल्यांना तशीही वाळीत राहायची सवय आहे. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. म्हणे परदेशी वाद्य, बांधीव सूर, मींड, म्हणजे सुरावरनं सुरावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती दाखवत नाही. ती बंदी सैल झाली १९७१ मध्ये. तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही आणि गावोगावच्या देवळात पेटीशिवाय भजन नाही! मींड निघत नाही हे खरंच आहे, त्यात भांडण नाही. पण आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी याच पेटीवर नाव काढलं, आणि १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच.

'मानापमान' म्हटलं की गायक-नट केशवराव भोसले आलेच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव एकाच रंगमंचावर उभे राहिले, तो संयुक्त 'मानापमान'. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, दोघांचे भक्त एकमेकांच्या अंगावर जाणारे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय ३१. आज्जीचे वडील त्यांचं गाणं ऐकलंय म्हणून सांगायचे, आणि सांगताना गाऊन दाखवायचे. ते इतकं बेसूर असायचं की आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. पण डोळे मिटून गायचे.

त्यांच्या नावाचं आपलं नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तू पुण्यात होतीस. फोनवर मी तुला एवढंच म्हणालो होतो की आग मोठी आहे. खरं म्हणजे मी गच्चीवर उभा होतो आणि खासबागेच्या बाजूचं आभाळ तांबडं झालं होतं. आई खाली चल म्हणत होती. मी गेलो नाही. नंतर चालत मिरजकर तिकटीपर्यंत गेलो. नाटकातली, ऑर्केस्ट्रातली, बॅकस्टेजची माणसं नुसती उभी होती, काहीजण रडत होते. वीस वर्षं ज्याच्याशी बोललो नव्हतो असा एक तबलजी माझ्याशेजारी उभा होता. त्यानं काही न बोलता तंबाखूची पुडी पुढं केली. मी तंबाखू खात नाही. घेतली.

मी तिथं एकदाच वाजवलं, कारखान्याच्या स्नेहसंमेलनात, तेही विंगेत बसून. लोकांना मी दिसलोच नाही. आठवतो तो विंगेतला एक खिळा. शर्ट अडकून फाटला होता. एवढीच माझी त्या रंगभूमीला आणि तिची मला ओळख. ती बातमी "अजब" वहीत चिकटवली नाही. कात्रण कापून ठेवलंय, पण चिकटवलं नाही.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते. तुला माहीत असलेला बाबा भजनातला पेटीवाला. त्याच्या आधी मी अकॉर्डियन वाजवायचो, ऑर्केस्ट्रात. गणपतीत महिनाभर आधीपासनं सुपाऱ्या यायच्या, या तालमीचा कार्यक्रम, त्या मंडळाचा कार्यक्रम. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं, नाहीतर रजा मिळायची नाही. १९९४ च्या गणपतीत लक्ष्मीपुरीत कार्यक्रम होता. चौक भरलेला, माड्यांवर बायका. निवेदकानं गाणं पुकारलं, ते द्वंद्वगीत होतं, पण त्या रात्री बाईंचा घसा बसल्यामुळं गायक एकटाच म्हणणार होता, त्याच्या पट्टीत. दुपारी सरावात ठरलेलं. मी सवयीनं बाईंच्या पट्टीत सुरुवात उचलली. झोकात उचलली. गायक आला त्याच्या पट्टीत. अर्धं मिनिट आम्ही दोघं दोन गावांना निघालेलो. मग पहिली शिट्टी आली. मग "उतरवा त्याला खाली." मग सगळा चौकच.

कुणी काही फेकलं नाही. मारलं नाही. हसले फक्त. कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं, गाणं पुढं गेलं, लोक विसरले असतील. मी मध्यंतरात चपला घातल्या आणि अकॉर्डियन तिथंच ठेवून चालत घरी आलो. राहिलेला अर्धा कार्यक्रम माझ्याशिवाय झाला. बुवांनी सप्त्यात दोन बोटं वर केली होती, ती मीच बघितली होती, तीन वर्षांपूर्वी, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला काही आठवलं नाही.

आठ दिवसांत ते विकलं. इचलकरंजीचा एकजण आला. भात्याला उजव्या बाजूनं चीर गेली होती, तिथं मी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं, चांगलं बेमालूम. त्यानं नेमकं तेवढंच शोधून काढलं आणि शंभर रुपये पाडले. बाराशेला गेलं. त्यातनं आईला मिक्सर घेतला. आई म्हणाली, कशाला विकलं? मी म्हणालो, वेळ कुठं मिळतो. सहा वर्षं कुठल्याही वाद्याला हात लावला नाही. सप्त्याचं बोलावणं आलं तरी कारखान्याचं कारण सांगायचो. मग तू झालीस, आणि तू वर्षाची असताना बुवा स्वतः दारात आले. त्यांचा पेटीवाला मुंबईला गेला होता. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "पेटी वाजवायला बोलावतोय, तोंड दाखवायला नाही." तू माझ्या मांडीवर बसून त्यांच्या उपरण्याचं टोक चघळत होतीस. त्या कार्तिकीला परत बसलो.

पेटी परत आली, अकॉर्डियन नाही. किंमत आता परवडणारी नाही असं मी आईला सांगतो, पण ते कारण नाही. नवीन घेतलं तरी ते ठिगळवालं नसणार. अजूनही कुठं जुन्या गाण्यात अकॉर्डियन लागलं की माझी डाव्या हाताची बोटं बटणं शोधतात. तुझ्या लक्षात आलं होतं एकदा, गाडीत. तू विचारलंस आणि मी म्हणालो, मुंग्या आल्यात.

तर बेस विकायचा असेल तर वीक. तुझा आहे, तुझ्या पगारातला. पण कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत नको. त्या आठवड्यात गिऱ्हाईक फार लवकर मिळतं आणि पडेल किमतीला मिळतं. दिवाळीपर्यंत ठेव. तेव्हाही विकावासा वाटला तर मला सांग, मी घासाघीस करायला पुण्याला येतो. शंभर रुपयेसुद्धा कमी करू देणार नाही.

आणि विकायचा नसेल तर दोन कामं. ड्रमवाल्या पोराला घेऊन ते दुसरं गाणं ९२ वर नुसतं टाळीवर बसवा, वाद्य न घेता, दहा दिवस. आणि तुझी सगळ्यात जाड तार किंचित उतरलेली ऐकू येते. पुण्यातही हवा ओलीच असणार. कार्यक्रमाच्या आधी तासभर वाद्य पिशवीतनं बाहेर काढून ठेवत जा, मग लाव.

पुढच्या शनिवारी आमच्या मंडळाचं भजन आहे, गल्लीतल्याच देवळात. पखवाजवाल्याच्या खांद्याचं दुखणं उमळलंय, त्यानं धुम हळूच वाजवायची ठरवली आहे. खर्जाला कुणीतरी हवं. बुवांना मी अजून काही बोललो नाही. ते आता पंच्याण्णवच्या पुढं आहेत, गात नाहीत, पण येऊन बसतात आणि बोटं वर करतात. काळी एक. शुक्रवारी रात्रीची गाडी मिळाली तर बघ.

आईनं लिंबाचं लोणचं घातलंय. बरणी पाठवू नका म्हणालीस, पाठवत नाही, येऊन ने.

तुझा,
बाबा

ता. क. बार्सिलोनाच्या झाडांचं कात्रण सोबत पाठवतोय. परत आण, वहीत जागा मोकळी ठेवली आहे. आणि इथं सराव करायचा झाला तर तो मिक्सर अजून चालू आहे. पांढरी तीनला लागतो.